छत्री चुन्योसाठी

एल आल्तोत सूर्य शेजारी राहतो.
चार हजार मीटरवर दुसरं कोण राहणार!
थंडीने बोटं वाकतात, आणि त्याच वेळी
गालांवर ऊन येऊन बसतं, भाडं न देता.

बासिलिया कोंदोरी माझ्या औषधाच्या दुकानात आली
गुरुवारी, बाजार उठल्यावर.
आधी खोकल्याचं औषध मागितलं,
मग सुटे पैसे मोजत राहिली,
मग शाल खाली ओढून म्हणाली, हे बघ.

दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर
तपकिरी डाग, चहाचा कप उचलल्यावर
कागदावर राहतात तसे.
इथे वांगाला पान्यो म्हणतात. पान्यो म्हणजे कापडही.
तिसऱ्या बाळंतपणात पडलं हे कापड.
मूल सात वर्षांचं झालं,
कापड कुणी उचललं नाही.

लिंबू चोळलं, मीठ चोळलं,
सासूच्या सांगण्यावरून पहाटेची पहिली लघवीसुद्धा,
हे तिने हसत सांगितलं.
डबीचं मात्र हसली नाही.
सेफेरिनाच्या गाड्यावरची डबी, लेबल नसलेली:
पंधरा दिवसांत चेहरा उजळला,
महिन्यात लाल झाला,
मग बारीक शिरा दिसू लागल्या.
सोडली की आग. लावली की थांबते.
"म्हणून लावत राहिले."

मी डबी नाकाशी धरली. नाकाला काय कळणार!
पण कातडी कबुली देते.
कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती,
स्टेरॉइडने होते तशी.

त्या दिवशी मी तिला काही विकलं नाही.
डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. ती रागावली.
"दुकान आहे की शाळा?"

अडीच महिन्यांनी चिठ्ठी घेऊन आली,
सोबत मधली मुलगी, नायरा.
मी तिच्याच तळहातावर दाखवलं:
वाटाण्याएवढं. वाटाणा, बटाटा नव्हे.
आधी कानामागे लावून दोन रात्री वाट बघ.
मग फक्त डागावर, फक्त रात्री,
डोळ्यांपासून लांब.
चौथं मूल येणार असेल तर आज सांग, उद्या नको.
डॉक्टरांनी तीन महिने लिहिलेत, तीन महिन्यांनी थांब.
बरं वाटलं तरी थांब.
बरं वाटलं तर नक्कीच थांब.
डाग निळसर काळा पडू लागला
तर ट्यूब माझ्याकडे आण, सेफेरिनाला विकू नकोस.

नायराने विचारलं, "आई, तुला गोरं व्हायचंय?"
दुकानातला फ्रिज घुरघुरत राहिला.
"नाही गं. रंग माझ्या आईचा आहे.
हे डाग कुणाचे, तेवढं मला माहीत नाही."

राहिली टोपी.
तिची गोल, उंच, काळी टोपी, कड नखाएवढी.
सावली पडते ती फक्त केसांवर.
"रुंद कडेची घे," मी म्हटलं.
तिने असं पाहिलं, जणू मी
तिचं आडनावच गहाण मागितलं.

त्याऐवजी तिने मला चुन्यो शिकवला:
बटाटे रात्री दंवात गोठवायचे,
दिवसा उन्हात सुकवायचे,
पायांनी तुडवून पाणी काढायचं,
घाई केली की सडतात.
"म्हणजे तुझं मलम रात्रपाळीचं."
"हो. पण दिवसाचा मजूर कामावर घ्यायचा नाही.
तो आला की केलेलं सगळं उसवतो.
सकाळी सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा."
"आणि गिऱ्हाईक आलं तर?"
"गिऱ्हाईक थांबतं. ऊन थांबत नाही."

काल रविवारी बाजारात गेले.
तिच्या जागेवर मोठी छत्री,
कुठल्याशा मोबाइल कंपनीची, रंग उडालेली.
टोपी होती तिथेच, ताठ.
मी काही विचारण्याआधीच म्हणाली,
"छत्री चुन्योसाठी आहे."
चुन्योचं पोतं अर्धं उन्हात होतं.

डाग? आहेत.
जरा मागे सरलेत,
पाहुणा उठण्याआधी पाय आवरतो तसे.
उठेल की नाही, मी सांगत नाही.
तिने वजनावर मूठभर चुन्यो जास्त टाकला,
आणि कागद बांधता बांधता,
माझ्याकडे न बघता, म्हणाली,
"अजून एकोणीस रात्री."