अर्धं भोक

निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं माझी पागा.
पागा कसली, पत्र्याची पडवी,
एक घोडी, लवंगी,
आणि खुंटीला खोगीर,
जरीची झूल काढली की उघडं पडणारं.

मी दस्तगीर मकानदार.
नवरदेव चढवतो.

लोक फेटा बघत्यात, तुरा बघत्यात,
बँडवाला पाकीट बघतो.
मी रिकीब बघतो.
लांब पडली तर साऱ्या वरातीत
चवड्यानं लोखंड हुडकत ऱ्हातो गडी,
आखूड पडली तर गुडघे हनुवटीला,
बेडकागत,
आणि फोटोत जन्मभर तसाच.

म्हणून हळदीच्या आधी बोलावून घेतो.
हात लांब कर, म्हणतो,
बोटाचं पेर ठेव हितं, वादी अडकते तिथं.
आता रिकीब काखेत भिडली पायजे.
भिडली?
मग ते तुझं भोक.

चिकोडीचा मास्तर सहाव्यात बसला.
खानापूरचा मिलिट्रीवाला, सुट्टी अकरा दिवसांची, दहाव्यात.
कन्नड घरचं वऱ्हाड असलं
तर मी मोजतो ओंदु, एरडु, मूरु.
लवंगीला काय, थांब म्हटलं तरी थांबते,
निल्लु म्हटलं तरी.

मोजडीला टाच नसते, पाय आरपार जातो.
चवडाच ठेव, सांगतो,
पाय अडकला आणि घोडी बुजली तर...
फुडचं बोलत न्हाई. लग्नघर असतं.

आणखी एक, कुणाला ठाऊक नसतं:
डावी वादी लवकर लांबते.
चढताना जो तो तिच्यावरच भार देतो.
दर अमावास्येला डावी उजवीकडं,
उजवी डावीकडं.

एका रात्री साडेदहाला
कुणीतरी स्कूटर बंद करून ढकलत आणली.
भरमू पाच्छापुरे, बोरगावच्या पोस्टात.
डाव्या बुटाचा तळवा दोन बोटं जाड.
म्हणाला, मामा, वरातीत मोजडी घालावी लागंल.

काय झालतं पायाला, मी इचारलं न्हाई.
खूर हातात घेतल्यावर
घोड्याला कोण इचारतंय?

उजवा पाय सातव्यात, झ्याक.
डावा सातव्यात पोचेना,
सहाव्यात गुडघा उचलून धरला त्यानं.
कंदील खाली ठेवला, आरीला मेण लावलं,
दोन्हींच्या मधोमध
अर्धं भोक पाडलं.

बसला.
काही बोलला न्हाई, समोर वखारीची भिंत बघत ऱ्हायला.
खरं लवंगीनं मोठा श्वास सोडला,
भार सारखा पडला की ती सोडते तसा.

वरातीत नवरीची आत्या म्हणाली,
केवढा सरळ बसलाय बघा.
उतरताना मी डावीकडून खांदा दिला.
लोकांना वाटलं, चाकर हाय,
देणारच.

पुढं त्या भोकात कुणी बसलं न्हाई.
वाद्या बदलतो, एक महिना ते डावीकडं,
एक महिना उजवीकडं,
पुसताना बोटाला लागतं तेवढंच.

चार वर्षांनी आला. भर दुपारी,
तोच जाड तळवा, खाडखाड वाजवत.
कडेवर पोरगी, शर्वाणी.
बसव म्हणाली, बसवली.
पाय पहिल्या भोकालाबी पुरंनात,
म्हणून लोखंडाच्या वरच, वादीच्या फटीत
चवडे सरकवून दिले.

तो उभ्या उभ्या वादी चाचपत हुता.
म्हणाला, मामा, बुजवलं न्हाईस?

चामडं हाय ते, म्हटलं. पडलं की पडलं.

पोरीनं टाचा मारल्या. चल, चल.
लवंगी हलली न्हाई,
कान तेवढा मागं केला.
पाठीवर कुणी बसलंय
हे तिला अजून कळायचं हुतं.