तीस मीटर

दोरीचं एक टोक धरून मी पाण्यात उभी.
गिथुरी माझ्या घोट्यापर्यंतही येत नाही.
दुसरं टोक घेऊन किआगो चढण चढतो,
अळूच्या वाफ्यावरून, गोठ्याच्या कोपऱ्यावरून,
निलगिरीची एक रांग, दुसरी, तिसरी.
दोरी ताणली जाते ती थेट
मुथेईच्या न्हाणीच्या दगडापाशी.

"इथं?"
"इथंच."
लाल खुंटीवर हातोडी पडते,
आवाज पलीकडच्या चहाच्या मळ्यापर्यंत जातो.

मुथेई भांडत नाही.
भांडला असता तर बरं झालं असतं,
कायद्याचा कागद होता माझ्या खिशात.
तो नुसता बोटानं बुंधे दाखवतो:
हा न्योकाबीची चौथी इयत्ता.
हे दोन तिचं वसतिगृह.
तो वाकडा, तिच्या आईचं ऑपरेशन.
उभी आहेत ती अजून कशाचीच झालेली नाहीत.

मी म्हणते, ही झाडं नदी पितात, म्झे.
तो म्हणतो, "आणि आम्ही झाडं प्यायलो."

करवत तीन दिवस चालली.
उघडा पडलेला काठ बघवेना,
केस उतरवलेल्या डोक्यासारखा,
जागोजागी जुन्या जखमा.
मग बायांच्या गटानं रोपं आणली,
बांबू, आणि मुकुयू, आपल्या उंबराच्या गोतातला,
जो फळ खोडालाच धरतो
आणि पाण्याशी उधारी ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या.
अर्धी रोपं बकऱ्यांनी खाल्ली.
पुन्हा लावली.

निलगिरी मरत नाही सहजी.
बुंध्याला धुमारे फुटतात, निळसर, वासाचे.
मुथेई रोज सकाळी विळा घेऊन उतरतो,
एकेक धुमारा खुडतो,
मेलेल्याची दाढी करावी तशा हळू हातानं.
मी विचारलं नाही त्याला,
किती दिवस हे करणार.
वाकड्या बुंध्याचा एक धुमारा
तो ठेवतो, हे मला दिसतं.
वहीत मी तो लिहीत नाही.

तिसऱ्या वर्षी, एका रात्री
त्याची बायको त्याला हलवून उठवते:
"नळ उघडा राहिला बघ बाहेर."
तो कंदील घेऊन जातो.
नळ बंद. कोरडा, नेहमीसारखा.
आवाज मात्र येतच असतो,
खालून, अंधारातून, बांबूच्या मागून.

बराच वेळ तो परत आला नाही म्हणून
तीही उठते. चप्पल न घालता.