उरलेले सात भाग

देगलूर रोडला, संगशेट्टीच्या झेरॉक्सवर माझी खोली.
मिनिटाला चाळीस रुपये.
पडद्यावर लोक इंग्रजीत बोलतात,
मी त्यांच्या पायाशी मराठी ठेवते,
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, त्याहून एक जास्त नाही.

या खेपेला आली एक अमेरिकन मालिका.
ती मूळची तिथलीही नाही, विलायतेची.
विलायतेत दोन साडू छत्र्या दुरुस्त करायचे
(इंग्रजीत साडू आणि मेव्हणा एकच, साडू मी ठरवलं),
बाहेर सतत पाऊस, आत सतत भांडण,
दोघांचे दात वाकडेतिकडे.
अमेरिकेनं विकत घेतली नि उन्हाच्या गावात नेली.
तिथं छत्री कोण दुरुस्त करणार,
म्हणून साडू आता पोहण्याचे तलाव साफ करतात.
दात सरळ झाले.
भांडण विसाव्या मिनिटाला मिटतं, मग मिठी.
साडूंनी मिठी मारलेली
मी तरी उदगिरात पाहिली नाही.

तेरा भाग केले होते. सहा दाखवले,
सातव्या बुधवारी त्या जागी
केक भाजायची स्पर्धा लागली.
उरलेले सात डब्यातच राहिले.
आता कुणीतरी गठ्ठ्यानं घेतलंय सगळं,
भंगारात पितळ निघेल या आशेनं,
आणि ते सात भाग
त्यांच्या देशाच्या आधी माझ्या टेबलावर.

पहिल्या सहांत विनोद झाला की हशा यायचा,
आमच्या नळासारखा नाही, अगदी वेळेवर.
सातव्यात धाकटा साडू जाळीच्या दांड्यासकट पडतो,
वर येतो, म्हणतो, पाणी ओलं आहे,
आणि थांबतो.
काहीच नाही.
मला वाटलं हेडफोन गेला. वायर हलवून पाहिली.
मग कळलं, हशा मागाहून ओततात,
आणि ओतायच्या आधीच धंदा बसला.
मोजलं मी. चार सेकंद.
भुवया वर, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय,
आणि तो वाट बघतोय.

शिवलिंगमामा असाच थांबायचा.
त्यानं तिकडचं, पुण्याकडचं एक विनोदी नाटक
आपल्या बोलीत आणलं होतं.
दिवाणखान्याची ओसरी केली, सोफ्याची बाज,
चहाच्या किटलीच्या जागी तांब्या.
प्रयोग तीन. उदगीर, अहमदपूर, मुखेड.
मुखेडला आधी जनरेटरवाला गेला, मग लोक.
त्यानंतर पंचवीस वर्षं एसटीच्या चौकशी खिडकीत.
बीदर गाडी कधी हो?
"ती काय माझी सासू हाय व्हय, सांगून यायला?"
आणि मग काचेच्या भोकाशी कान लावून थांबणं.
माणसं पिशव्या उचलून फलाटाकडं वळलेली असायची.
घरीही तसंच. घास हातात धरून.
आम्ही पोरं कधी कधी हसायचो.
बहुतेकदा जेवत असायचो.

त्या चार सेकंदांखाली मी तीनदा लिहून खोडलं.
चौथ्यांदा लिहिलं, "मायला, वल्लंच निघालं की."
तपासणीतून परत आलं: प्रमाण भाषा वापरावी.
वापरली.
नवव्या भागात पुन्हा वल्लं घातलं, एका कोपऱ्यात,
ते कुणाच्या नजरेला आलं नाही.

तेरावा भाग लावला तेव्हा संगशेट्टी
भाड्याचं आठवण करायला वर आला होता.
उभ्या उभ्या बघत राहिला.
पडण्याला हसला नाही. पाण्यालाही नाही.
नटानं जागा सोडली, तो तंबाखू मळत राहिला.
शेवटी मिठी आली,
तबल्यासारखं काहीतरी हळवं वाजायला लागलं,
आणि हा भिंतीला धरून हसायला लागला,
"आरं, साडू गळ्यात पडल्यालेत! आरं बग की!"
डोळ्याला पाणी, तंबाखू फरशीवर.

तिथं कुणी थांबलेलं नव्हतं.
पुढचे दोन संवाद त्याच्या हसण्याखाली गेले,
मागं जाऊन पुन्हा ऐकावे लागले.
त्या मिनिटाचे वेगळे पैसे मिळत नाहीत.