दुसरं वाद्य

साडेचार हजारांची भिंतीवर टांगलेली,
निळी, काठाला काळी झाक,
वाजवली तर रंगच वाजतो.
तीस हजारांची काचेआड.
हत्तुरे अण्णा तिला रोज पुसतात,
गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत.
माझ्या खिशात साडेअकरा.
मार्च ते मे, एकोणतीस वराती,
त्यातल्या दोन अजून उधार.

"क्लॅरिनेटवाल्याला गिटार कशाला हो, येमूल?"
नवी पेठ दुपारची ओस,
पंखा गरम हवाच फिरवतोय.
पुढचा दात हलतोय, हे मी सांगत नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एक सीझन,
फार तर दोन.
असंच, म्हणतो. जोडीला एक असावं.

मग मधल्या किमतीच्या तीन खाली उतरतात.

पहिली फोटोत शोभेल अशी.
पण चौथ्या तारेवर, सातव्या पट्टीत
बारीक खरखर.
अण्णांना ऐकू येत नाही. पोऱ्यालाही नाही.
मी अठ्ठावीस वर्षं जॉबर, अक्कलकोट रोडला.
चोवीस लूम एकदम धडधडत असताना
कुठल्या लूमचा धागा गेला
ते मला पाठमोऱ्यानं कळतं.
आहे खरखर, म्हणतो. ठेवा ती.

दुसरीच्या पोटात चिठ्ठी:
वरची फळी अस्सल, पाठ आणि बाजू प्लायच्या.
"आवाज वर्षागणिक खुलतो," अण्णा सांगतात,
"पण आपला मे महिना वाईट.
पारा त्रेचाळीसच्या वर गेला की अस्सल लाकूड तडकतं.
माठाशेजारी ठेवायची. पाहुण्यासारखी."
पोऱ्या बाराव्या पट्टीवर
तारेखाली रुपया सरकवतो. मग दुसरा.
दोन्ही आरामात बसतात.
"तारा उंच आहेत काका, बोटं सोलतील."
बोटांचं मला सांगू नको, बाळा.
तुटल्या धाग्यांना गाठी मारून मारून
यांच्या टोकांना कधीच कातडं आलंय.
तरी ती बाजूला ठेवतो.
पाहुण्याला जागा कुठाय, दोन खोल्यांत.

तिसरी परत आलेली.
जुळे सोलापूरच्या कुणा मुलानं
चार दिवसांत कंटाळून परत केली.
पोटाच्या भोकाजवळ एक ओरखडा,
रंग बारदानाचा,
फळी तीच, अस्सल. रुपया एकच बसतो.
दहा हजार आठशे. पट्टा फुकट.

मला एकच कॉर्ड येतो, दोन बोटांचा.
रेल्वे लाइन्सच्या सॅम्युएलनं
त्यांच्या चर्चच्या पायरीवर बसून शिकवलेला.
तो धरला. वरून खाली हात सोडला.
सहाही तारा नीट ताणलेल्या,
ताणा भरून नुकता लूमवर चढवावा तशा.
आणि त्या वाजत असतानाच
दुकानात कुणीतरी म्हणालं,
हीच.

मीच म्हणालो होतो.

अठरा सीझन तोंडात रीड.
कुणी टोपीत नोट खोचली,
कुणी दारू पिऊन कॉलर धरली,
नवऱ्याच्या मामानं तेच गाणं
अकराव्यांदा मागितलं,
उत्तर म्हणून माझ्याकडे फक्त भुवया.

संध्याकाळी पद्मावती सुपात विड्या बांधत बसलेली.
बॅगची चेन उघडली तशी तिनं मान वर केली.
"एंता?"
घरात पैशांचं सगळं तेलुगूत.
मी तोच एक कॉर्ड वाजवत होतो.
वाजवता वाजवता बोलता येतं
याची सवय नाही अजून.
हात थांबवला, गिळलं,
मग म्हणालो, नऊ हजार.

तिनं दोरा दातानं तोडला.
"थांबलात कशाला," म्हणाली,
"खोटं बोलायला?"

माठ कोपऱ्यातून जरासा सरकवला आहे.
क्लॅरिनेटच्या बुचाला ग्रीस लावून ठेवलं.
रविवारी सोरेगावला वरात आहे.