लांबी

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
तेरदाळ्यांच्या फौंड्रीत मी बावीस वर्षांचा होतो
आणि शनिवार होता. शनिवारी पगार.

गुऱ्हाळाच्या चरकाचं दातेरी चाक.
रस ओतला तेव्हा साच्यात ओल होती थोडी.
माती वाळवायचं काम माझंच.
निवल्यावर आऱ्याच्या बुडाशी भोक दिसलं,
जोंधळ्याच्या दाण्याएवढं तोंड,
आत तार घातली तर
तार जातच राहिली.

बाबालाल मिस्त्री सायकल मारत
गंगावेशीत दूध प्यायला गेलेले.
मी लांबी भरली.
लोखंडाचा कीस, राळ, चिमूटभर काजळी.
अंगठा उठला होता तिथं, सही केल्यागत,
तोही घासला. वरून काळा रंग.
लांबी का म्हणतात तिला,
हे तेव्हा कुठं ठाऊक.

चाक ट्रकात चढलं. कागलकडं गेलं
की गगनबावड्याकडं, विचारलं नाही.
रंकाळ्यावर भेळ खाल्ली त्या संध्याकाळी.
चांगली होती.

पुढं म्हणशील तर काही झालं नाही.
कुणी भांडायला आलं नाही,
बिल वेळेत सुटलं.

फक्त सोमवारपासून
मी प्रत्येक नग साखळीला टांगून
हातोडीनं वाजवून बघू लागलो.
सलग असला की नाद लांबपर्यंत जातो,
टेंबलाईच्या घंटेसारखा;
पोकळ असला की ठप्प,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा.
मिस्त्री म्हणाले, लेका, कान लई तयार हाय तुझा.
कानाचं काय सांगणार त्यांना.

त्याच कानावर मग भाकरी निघाली.
तपासणीला बसलो, खुर्ची मिळाली,
पुण्याचे साहेब नाव घेऊन माल मागायला लागले.
मागं पोरं ठोक्या म्हणतात. ऐकू येतं.
कलिंगड ठोकलं, घराची भिंत ठोकली,
थोरल्या मंजिरीला इचलकरंजीचं स्थळ आलं
तेव्हा त्या पोराला एकच गोष्ट
तीन बाजूंनी तीनदा विचारली.
चहा तसाच ठेवून उठले पाहुणे.
बाबा, ते काय चाक होतं का, म्हणाली ती.
नंतर वर्षभर काहीच म्हणाली नाही.

हंगामात रस्त्याकडेला गुऱ्हाळ दिसलं
की अजून गाडी थांबवतो.
काकवी मागतो, चरकापाशी उभा राहतो.
चुलवाणाचा धूर डोळ्यांत जातो, बरं पडतं ते.
ऊस सारणाऱ्याची बोटं मोजतो.
दहा असतात.
म्हणजे हे ते चाक नव्हे,
किंवा अजून नव्हे.

आज दुपारच्या सुट्टीत
वडणग्याचं ते नवं पोरगं, धैर्यशील,
कोपऱ्यात पाठ करून बसलेलं.
माझी सावली पडली तसा
हात मागं घेतला त्यानं.
अंगठा काळा.

तीस वर्षांचं बोलणं घशापर्यंत आलं
आणि तिथंच निवलं.
नग टांगला. हातोडी त्याच्या हातात दिली.
वाजव, म्हणालो.

हळूच मारली त्यानं,
झोपलेल्या माणसाला उठवावं तशी.

जोरात, म्हणालो.