बसराई, फाहाहील

तीन हिवाळे गेले, केळ निसवत नाही.
निळं पिंप मधोमध कापून केलेली कुंडी,
पहिल्या मजल्याची गॅलरी,
आणि ही, माझ्या खांद्याएवढी, ठेंगणी,
पंधरा दिवसांना एक पोगा उलगडणार
आणि पुढे काही नाही.

वफ्राच्या रोपवाटिकेत घेतली तेव्हा
चिठ्ठीवर फक्त किंमत होती, दोन दिनार.
मी खोड बघितलं, पानाचा देठ चाचपला,
म्हटलं, अगं, तू तर आमच्याकडची बसराई!
नाव बसऱ्यावरून पडलं असं सावद्यात म्हणायचे,
खरंखोटं कोण जाणे.
बसरा इथून जवळच, मध्ये सरहद्द नसती तर.
उन्हाळ्यात वारा तिकडूनच येतो,
पण माहेरच्या माणसासारखा वागत नाही,
पानांच्या चिंध्या करून जातो.

मी पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये.
सकाळी सातपासून लोकांच्या रक्तातलं
पोटॅशियम मोजते, कमी निघालं की लाल शाईने गोल.
घरी करपलेल्या पानांच्या कडांकडे बघून
दोन वर्षं मला तो गोल सुचला नाही.

शेवटी भावाला फोन केला.
त्याची नऊ हजार खोडं,
तरी माझ्या एका पिंपासाठी बांधावर बसला.
“मुनवे किती ठेवलेस?”
“सहा.”
“सहा? अन् आई जेवणार कधी?
एक ठेव. बाकीचे मातीच्या आतून काप, नुसते वरून नको.
थंडी पडते का तिथे?”
जानेवारीत रात्री आठ अंश, म्हटलं.
“मग झोपते ती. झोपली म्हणून मेली समजू नको,
पाणी कमी कर.”

पाच मुनवे कापले. चिक पांढऱ्या कोटावर उडाला,
तो डाग अजून आहे.
टाकीचं पाणी जूनमध्ये हात भाजतं,
म्हणून एसीच्या नळीखाली बादली ठेवली:
हवेतून गळालेलं, बिनमिठाचं, दिवसाला दीड बादली.

हारिस शाबान, मिन्याचा, गच्चीवर कबुतरं पाळतो.
खालून म्हणाला, “मोझ?”
तेवढं अरबी मला समजलं.
दुसऱ्या दिवशी दाराशी कबुतरांच्या खताची पिशवी,
वर नीट गाठ, जशी मिठाईची.
तीन बोटं दाखवली: तीन आठवडे कुजू दे, मगच घाल.

एप्रिल संपताना एक पान आखूड आलं, उभं.
मग त्याच्या कुशीतून जांभळं टोक.
रिकाम्या घरात मी मोठ्याने म्हटलं, निसवली!
या शब्दाला शाबानकडे काय म्हणतात
मला माहीत नाही, पण तो जिन्यात थांबला.

त्याच आठवड्यात क्लिनिक विकलं गेलं.
तीस जून शेवटचा दिवस.
फुलापासून काढणीला शंभर दिवस, वर दहा.
माझ्याकडे साठ, त्यातले शुक्रवार वजा करावेत
असं उगाच वाटलं, केळ काही सुट्टी घेत नाही.

चार फण्या धरल्या. केळफूल तोडून भाजी केली,
अर्धी शाबानला दिली.
खाण्याआधी त्याने ती बराच वेळ बघितली.
घड रस्त्याकडे झुकला, तो ओळखपत्राच्या
फितीने कठड्याला बांधला.
उन्हाने सालं भाजतात म्हणून
वर उशीचा जुना अभ्रा चढवला.
कोणी खालून बघितलं तर
मी कुणाला तरी लपवते आहे असं वाटावं.

व्हिसा दीड महिना वाढवून मागितला.
अर्जात एक रकाना होता, कारण.
पेन हातात धरून बसले.
फळ, लिहिलं. खोडलं.
भावाचं नाव लिहिलं, तेही खोडलं.
मग वैयक्तिक.

उत्तर अजून नाही.
आज अभ्रा उचलून बघितलं,
चौथ्या फणीची बोटं वर वळली आहेत.