कुंटीपाशी, दुपारी दोन

जूनच्या पहिल्या सोमवारी मला मिळाला
एक हिरवा टी-शर्ट, दोन मापं मोठा,
छातीवर माझं नाव, ‘मिरलांद’मधला र गाळून,
आणि साडेतीन पानं, पाठ करायला.

मायामीत दुपारी दोनला
पोपटसुद्धा गप्प बसतात.
मी मात्र बोलते.
“ही कुंटी. इथलीच. फुलं जन्मायच्या आधीची,
म्हणून हिला फूल नाही, शंकू येतात.
आणि हे अटाला…”
तोवर अटाला उडून गेलेलं असतं.
लोक माना डोलावतात,
पाणी प्यायला नळ कुठंय, विचारतात.

एक मुलगा: चावतं का?
त्याची बहीण: मरतं का?
त्यांची आई: पार्किंगचे पैसे वेगळे का?
साडेतीन पानांत
यातलं एकाचंही उत्तर नव्हतं.

वेंडल अठ्ठावीस वर्षं या बागेत आहे.
म्हणाला, अडलीस की गुडघे टेक.
पान उलटून बघ.
तू बघायला लागलीस की तेही बघतील.
त्याचा पणजोबा बहामाहून आलेला,
इथल्या पिठाच्या गिरणीत कुंटीचे कंद वाहायचा.
कंदात विष. धुवायचं, पुन्हा धुवायचं,
मग त्याची बिस्किटं.
गिरण्यांनी रानंच्या रानं उपटली,
आणि पुढे कितीतरी वर्षं
अटाला कुणाला दिसलंच नाही.
“हे पाठ करू?” मी विचारलं.
“नको,” वेंडल म्हणाला. “हे आमच्या घरचं आहे.”

जुलैत एदेलमिरा आली, हायालीयाहून, दोन बस बदलून.
पिशवीतून मेयोनीजची बरणी काढली,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत कुरतडलेली पानं आणि सतरा अळ्या,
लालभडक, पाठीवर पिवळे ठिपके दोन ओळींत.
“औषध द्या,” म्हणाली,
“माझं झाड खाऊन टाकलं मेल्यांनी.
नवऱ्यानं लावलेलं. तो गेला मार्चमध्ये.”

माझी स्पॅनिश शाळेतली,
तिची इंग्रजी दुकानातली.
मी पान एक आठवलं, पान दोन आठवलं,
तीनवरचं चित्र दाखवलं.
ती चित्राकडे बघेना.
“तेच कुठून आणलंत झाड?” मी उगाच विचारलं.
“त्याला माहीत,” ती म्हणाली.

मग मी गुडघे टेकले.
तीही टेकली, हळूहळू, माझा खांदा धरून.
कुंटीच्या कोवळ्या शेंड्यावर
अंडी होती, साबुदाण्याच्या चुऱ्याएवढी.
खाली एक कोष, तपकिरी, रेशमाच्या एका धाग्यानं बांधलेला.
आणि त्याच्याशेजारी, सालपट सोडून नुकतंच निघालेलं,
पंख अजून ओले, चुरगळलेले,
पोट शेंदरी,
काळ्यावर निळ्याहिरव्या टिकल्या,
कुणी रात्री बसून लावल्यासारख्या.

आम्ही बघत राहिलो.
किती वेळ, ते नोंदवहीत नाही.
नोंदवहीत त्या तासापुढे मी लिहिलं: पाहुणे, एक.

जाताना तिनं बरणी परत पिशवीत ठेवली,
पानं विरघळू नयेत तशी जपून.
औषधाबद्दल काही बोलली नाही.
मला वाटलं, गेली, आता
नळाखाली ओतून देईल. मीही दिलं असतं,
माझा माणूस गेला असता तर.

ऑगस्टचा दुसरा आठवडा.
टी-शर्ट धुऊन परत करायचा होता,
र अजून गाळलेलाच.
ऑफिसातला फोन वाजला, वेंडलनं मला दिला.
“झाड बोडकं झालं,” पलीकडून आवाज,
ना नमस्कार, ना नाव,
“एक पान नाही उरलं.
आणि अंगणात तेरा उडताहेत.
चौदा. थांब.
कपडे वाळत घातलेत, त्यांवर बसतात.
त्याच्या शर्टवरसुद्धा.
आता काय करू?”

मला माहीत होतं: कुंटीचा कंद खोल असतो,
ती पुन्हा पानं काढते. साडेतीन पानांत हे होतं.
पण शर्टाचं काय करायचं,
ते नव्हतं.
“राहू द्या वाळत,” मी म्हणाले.